भांडले आणि मेकअप केला?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक वाक्य देतो. डिक्शनरी मिटून ठेवा आणि वाचा: 'द टू फ्रेंड्स क्वॉरल्ड, बट सून दे मेड अप.' फ्रेंड्स म्हणजे मित्र, क्वॉरल्ड म्हणजे भांडले, सून म्हणजे लवकरच. (आपली सासू-सुनेतली सून नव्हे!) इथपर्यंत गाडी सुसाट. पण पुढे काय? भांडण झाल्यावर दोघांनी मेकअप केला? पावडर लावली?

अजिबात नाही. त्यांनी बट्टी केली! आधी कट्टी, मग बट्टी. या बट्टी करण्याला इंग्रजीत 'मेक अप' म्हणतात. आता हाच मेक अप आणखी कुठे कुठे भेटतो बघा. 'ही मेड अप अ स्टोरी' म्हणजे त्याने गोष्ट रचली, बहुधा थापच मारली. तापामुळे आठवडाभर शाळा बुडाली आणि तो अभ्यास भरून काढायचा असेल, तर 'आय मस्ट मेक अप फॉर द लॉस्ट टाइम'. आइस्क्रीमच्या दुकानात कुणी अर्धा तास नुसतंच काचेतून बघत उभं राहिलं, तर 'मेक अप युअर माइंड', म्हणजे ठरव बाबा एकदाचं! आणि विज्ञानाच्या पुस्तकात 'वॉटर इज मेड अप ऑफ हायड्रोजन ॲण्ड ऑक्सिजन', म्हणजे पाणी या दोघांचं बनलेलं आहे. चेहऱ्याला लावायचा मेकअप आहे तो वेगळाच.

दोन इवलेसे शब्द, मेक आणि अप. दोन्ही तुम्ही पहिली-दुसरीतच शिकलात. तरी वाक्य अडलं की नाही?

असं अडलं की पुष्कळ मुलं मनात म्हणतात, 'आपलं इंग्रजी कच्चंच आहे.' दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून अकरावीला सायन्स घेणाऱ्यांना तर हा अनुभव हमखास येतो. सर फळ्यापाशी सांगत असतात की झिंक आणि ॲसिड एकत्र आले की 'इट गिव्हज ऑफ हायड्रोजन'. मग म्हणतात, 'नाऊ वर्क आउट द आन्सर.' मागच्या बाकावरचा हुशार मुलगा गोंधळतो. गिव्ह म्हणजे देणे, ऑफ म्हणजे बंद, मग हायड्रोजन देऊन बंद केला की काय? वर्क तर करायचं, पण आउट म्हणजे वर्गाबाहेर जाऊन? खरं तर झिंक आणि आम्लाची ही क्रिया त्याने मराठीतून केव्हाच शिकलेली असते. आम्लात जस्त टाकलं की हायड्रोजन वायू बाहेर पडतो, एवढंच सर सांगत होते. आणि उत्तर काढा म्हणत होते. त्याचं विज्ञान पक्कं आहे, अडलंय ते नुसतं 'ऑफ' आणि 'आउट'पाशी. पण तो समजतो, आपल्याला सायन्सच झेपत नाही. एवढ्याशा 'ऑफ'पायी असं वाटावं, हे मला फार वाईट वाटतं. म्हणून आजचा हा सगळा खटाटोप.

व्याकरणात अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण आपलं सोपं नाव ठेवू, शेपटीवालं क्रियापद. पुढे क्रियापद, मागे अप, ऑफ, आउट, ऑन, इन अशी चिमुकली शेपटी. शेपटी बदलली की अर्थ बदलतो.

'काय ही विचित्र भाषा!' असं म्हणणार असाल तर जरा थांबा. आपल्या मराठीकडे बघा. 'लिहिणे' हे एक साधं क्रियापद. बाई म्हणतात, 'गृहपाठ लिहून घ्या.' ताई म्हणते, 'पत्ता लिहून ठेव, नाहीतर विसरशील.' निबंध चुकला तर 'पुन्हा लिहून काढ'. वर्गात दंगा केला तर 'परत करणार नाही असं लिहून दे'. आणि रविवारी सकाळी आई म्हणते, 'तेवढा अभ्यास लिहून टाक आणि मग खेळायला जा.' घे, ठेव, काढ, दे, टाक. पाच शेपट्या, पाच अर्थ! तुम्हाला ते कुणी कधी शिकवले का? नाही. ऐकता ऐकता आले.

आता कल्पना करा, लंडनचा एखादा मुलगा मराठी शिकायला तुमच्या घरी राहिलाय. तुमची आई त्याला प्रेमाने म्हणते, 'बाळ, तेवढी पोळी खाऊन टाक.' तो बिचारा डिक्शनरी उघडतो. खाणे, टाकणे. म्हणजे आधी खायची आणि मग टाकायची? तो अर्धी पोळी खातो आणि उरलेली टाकून देतो! दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगता, 'मी पेन हरवून बसलो', तर तो विचारतो, 'बसलास कुठे?' आपण त्याला हसू. पण आपणही 'गिव्ह ऑफ'ला 'देऊन बंद' म्हणतो, तेव्हा अगदी तेच करत असतो.

गंमत अशी, की 'खाऊन टाक'मधल्या 'टाक'चं काम इंग्रजीत बऱ्याचदा 'अप' करतो. ईट अप म्हणजे खाऊन टाक, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक, टेअर अप म्हणजे फाडून टाक, यूज अप म्हणजे वापरून संपवून टाक. इथे 'अप'चा 'वर' या अर्थाशी काही संबंध नाही. काम पुरं करायचं, मागे काही ठेवायचं नाही, एवढंच तो सांगतो. 'ऑन' ही शेपटी पुष्कळदा 'राहा'चं काम करते. कीप ऑन, कॅरी ऑन, रीड ऑन म्हणजे चालू राहू दे, वाचत राहा. पण म्हणून प्रत्येक 'अप'ला 'टाक' लावत सुटू नका हं. 'गेट अप' म्हणजे ऊठ, तिथे अप खरोखरच वर आहे. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. आणि काय योगायोग बघा, गिव्ह अपमध्ये 'गिव्ह' आणि सोडून देण्यात 'देणे'! दोन्ही भाषांत देण्याघेण्याचा पत्ता नाही, तरी शब्द तोच.

एकाच जोडीचे दोन-तीन अर्थ निघाले की मुलं वैतागतात. 'द लाइट्स वेन्ट ऑफ' म्हणजे दिवे गेले. मग 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे गजर बंद पडला असणार? उलट! गजर वाजला. आणि 'द मिल्क वेन्ट ऑफ' म्हणजे दूध नासलं. वैतागण्याआधी एसटी स्टँडवर जाऊन या. 'गाडी लागली' असं कुणी ओरडलं की सगळे पिशव्या उचलून फलाटाकडे पळतात. तीच गाडी घाटात शिरली आणि तुमची धाकटी बहीण म्हणाली, 'मला गाडी लागते', तर बाबा पिशवी शोधायला लागतात, पण ती वेगळ्याच कामासाठी! शब्द तेच, पण तुमचा गोंधळ होत नाही, कारण कोण, कुठे, कशाबद्दल बोलतंय ते तुम्ही बघता. इंग्रजीतही तेच करायचं. दिवा आहे की गजर आहे की दूध आहे, ते आधी बघायचं.

मग आपल्याला हे शब्द इतके अवघड का जातात? त्यासाठी जरा इतिहासात जाऊ. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागाचा सरदार विल्यम इंग्लंडवर चाल करून आला आणि राजा झाला. पुढे बराच काळ दरबार आणि कचेऱ्या यांची भाषा फ्रेंच होती, आणि चर्चची आणि विद्वानांची लॅटिन. शेतावर, स्वयंपाकघरात मात्र लोक आपली जुनी इंग्रजीच बोलत. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन दोन शब्द झाले, एक जाकीट घातलेला आणि एक घरातल्या कपड्यांतला. पोस्टपोन हा जाकीटवाला, 'पुट ऑफ' घरातला. एक्स्टिंग्विश जाकीटवाला, 'पुट आउट' घरातला. टॉलरेट जाकीटवाला, 'पुट अप विथ' घरातला. आपल्याकडेही सभा 'तहकूब' होते आणि सहल 'पुढे ढकलली' जाते, तसंच.

आपण इंग्रजी शिकलो पुस्तकातून. म्हणून पोस्टपोन आणि टॉलरेट असे भारदस्त शब्द आपल्याला चटकन कळतात, आणि इंग्लंडचं चार वर्षांचं पोर जे बोलतं ते 'पुट अप विथ' कळत नाही. आहे की नाही मजा? कठीण ते सोपं आणि सोपं ते कठीण!

आता शाळेच्या नोटिस बोर्डापाशी येऊ. इथे जरा नीट लक्ष द्या, कारण इथे चुकलं तर नुसतं हसं होऊन भागत नाही. 'द टेस्ट हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे' म्हणजे चाचणी सोमवारपर्यंत पुढे ढकलली. 'द ट्रिप हॅज बीन कॉल्ड ऑफ' म्हणजे सहल रद्द! 'कॉल्ड' म्हणजे बोलावलंय असं समजून पहाटे सहाला डबा घेऊन फाटकापाशी उभे राहाल, तर सोबतीला फक्त वॉचमनकाका असतील. 'हँड इन युअर फॉर्म्स बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या. शुक्रवार धरूनच, बरं का! शनिवारी चालणार नाही.

या सगळ्यांत फसवी पाटी ही: 'द एक्झॅम हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू ट्यूजडे.' परीक्षा गुरुवारी होती. फॉरवर्ड म्हणजे पुढे, आणि मराठीत परीक्षा पुढे गेली म्हणजे लांबली. म्हणजे ती पुढच्या मंगळवारी गेली, असं समजून कुणी क्रिकेटची बॅट काढली तर घात झाला! 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणे. परीक्षा याच मंगळवारी आहे, दोन दिवस आधी. मराठीतलं 'पुढे' आणि इंग्रजीतलं 'फॉरवर्ड' इथे बरोब्बर उलट्या दिशांना पळतात. हे एक वाक्य वहीत लाल शाईने लिहून ठेवा. आपल्या देशात यासाठी 'प्रीपोन' असा सुटसुटीत शब्द आहे. काही मोठ्या डिक्शनऱ्यांनीही तो 'भारतीय इंग्रजी' म्हणून घेतलाय. मला तो आवडतो. पण लंडनच्या माणसाला सांगितला तर त्याला बहुधा समजावून सांगावा लागेल.

भारतीय इंग्रजीवरून आठवलं. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएची 'पासिंग आउट परेड' होते, म्हणजे शिक्षण पुरं केलेल्या छात्रांचं दिमाखदार संचलन. हा शब्द ब्रिटिश लष्करातलाच. आपण तो कॉलेजलाही लावतो, 'माय ब्रदर पास्ड आउट लास्ट इयर.' इथे सगळ्यांना कळतं. पण परदेशी पाहुण्यापुढे बोललात तर तो घाबरून विचारेल, 'आता बरा आहे ना?' कारण एरवी 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन बेशुद्ध पडणे! तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं. आणि एक जास्तीची शेपटी कापून टाका. 'कोप अप विथ' असं काही नसतं. 'कोप विथ' एवढंच.

शेपट्या झाल्या, आता थोडं वाक्प्रचारांकडे वळू. तिथे तर अख्ख्या वाक्याचा अर्थ शब्दांपासून दूर पळालेला असतो. पण खरा धोका आहे तो आपल्यासारखेच दिसणारे असतात त्यांचा. आपल्याकडे 'पाय ओढणे' म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे, वाईट काम. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे नुसती चेष्टा करणे. कुणी हसत हसत 'आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग' म्हणालं, तर रागावू नका. आपल्याकडे 'त्याचा माझ्या पेनवर डोळा आहे' म्हणजे पेन धोक्यात आहे. पण रेल्वे स्टेशनवर कुणी 'प्लीज कीप ॲन आय ऑन माय बॅग' म्हणालं तर तो बॅग सांभाळायला सांगतोय. भूक लागली की आपल्या पोटात कावळे ओरडतात. इंग्रज मुलाच्या पोटात असतात फुलपाखरं, 'बटरफ्लाइज इन माय स्टमक', पण त्याला भूक लागलेली नसते! त्याला स्टेजवर भाषण करायचं असतं. आपल्या पोटात तेव्हा गोळा येतो.

'इट्स रेनिंग कॅट्स ॲण्ड डॉग्ज' तुम्हाला सगळ्यांना पाठ असणार. गाइडमध्ये असतं, पावसाळ्याच्या निबंधात असतं. गलिव्हरची सफर लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली छापलेल्या एका पुस्तकातही ते आहे. त्याची एक झकास गोष्ट सांगतात, की जुन्या इंग्लंडात कुत्री-मांजरं गवताच्या छपरात झोपत आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत. ऐकायला छान, पण विश्वास ठेवू नका, बनवलेली आहे. (म्हणजेच 'मेड अप'!) आणि खरं सांगायचं तर इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात आता हे फारसं कुणी म्हणत नाही. 'इट्स पोअरिंग' म्हणतात, संपलं. आपल्या मुसळधार पावसात तरी मुसळं कुठे पडतात? निबंधात असे वाक्प्रचार ठासून भरणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आमटीत हिंग घालतात ना, तेवढेच घाला.

काही वाक्प्रचारांचा उगम मात्र पक्का ठाऊक आहे, आणि तो तुमच्या आवडत्या मैदानावरचा आहे. १८५८ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. खूश झालेल्या लोकांनी वर्गणी काढली आणि त्याला हॅट भेट दिली. तीच ही हॅट्ट्रिक! आपल्या चेतन शर्माने ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. बाबांना विचारा, त्यांना आठवत असेल, नाहीतर आजोबांना नक्कीच. पूर्वी खेळपट्टी झाकून ठेवत नसत. पाऊस पडून गेला आणि ऊन आलं की ती चिकट व्हायची, चेंडू कसाही उसळायचा, फलंदाजाचे हाल. म्हणून अडचणीत सापडलेला माणूस 'ऑन अ स्टिकी विकेट' असतो, मग त्याने जन्मात बॅट धरलेली नसली तरी चालेल. आणि कुणी न सांगता आपणहून केलेलं काम म्हणजे 'ऑफ युअर ओन बॅट' केलेलं. आईने न सांगता कधी ताट उचललंत तर हे वाक्य वापरा.

डिक्शनरी कशी बघायची तेही सांगतो. 'पुट ऑफ' हवं असेल तर 'पुट' उघडा. पुटचे सगळे अर्थ संपले की शेवटी शेपटीवाल्या जोड्या दिलेल्या असतात, चांगल्या विद्यार्थी-डिक्शनरीत तरी असतातच. पुष्कळ मुलं पहिला अर्थ वाचून डिक्शनरी मिटतात आणि तिथेच फसतात. दुसरं, शंभर जोड्यांची यादी पाठ करत बसू नका. यादी आठवड्यात उडून जाते. दर वेळी एक पूर्ण वाक्य लिहा, आणि ते तुमच्या घरातलं, तुमच्या वर्गातलं असू द्या. 'माय सिस्टर ॲण्ड आय मेड अप ॲट डिनर.' हे कोण विसरेल?

आई-बाबांनाही एक विनंती. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी ते पाचवीत भेटायचं. तेव्हा 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं वाटणं साहजिक आहे. पण मूल अडलं की 'एवढं साधं येत नाही?' असं म्हणू नका. ते साधं नसतंच. त्याऐवजी विचारा, 'हे आपण मराठीत कसं म्हणतो?' शेपटीचा अर्धा गुंता तिथेच सुटतो.

चला, आता तुमची पाळी. खालच्या वाक्यांचा अर्थ मराठीत सांगा. शब्दाला शब्द नको, आपण घरात म्हणतो तसं हवं.

'आय हॅव रन आउट ऑफ इंक.'
'शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर.'
'डोन्ट लेट मी डाउन.'
'टर्न डाउन द रेडिओ' आणि 'ही टर्न्ड डाउन द जॉब'. दोन्हींत 'टर्न डाउन', पण अर्थ एकच का?

आणि एक उलटं. तुमच्याकडे राहिलेल्या त्या लंडनच्या मुलाला 'तो मूग गिळून बसला' हे कसं समजावाल? मूगही नाही आणि बसणंही नाही! उत्तरं पुढच्या अंकात. तुमची पाठवाल तेव्हा इयत्ता लिहायला विसरू नका. म्हणजे, लिहून टाका!